दरडीतली दारे

जूनचा दुसरा आठवडा होता. सिंधुदुर्गातल्या एका रस्त्याच्या रुंदीकरणापूर्वी तिथल्या प्राणिजीवनाची पाहणी करण्याचे काम माझ्याकडे होते. पक्षी, बेडूक, सरडे यांच्या याद्या झाल्या होत्या आणि जांभ्या मातीची उभी दरड तेवढी बघायची राहिली होती. पाहणीच्या ठरावीक तक्त्यात दरडीसाठी रकानाच नव्हता, परंतु पहिल्या पावसानंतर अशा जागी काय दिसू शकते हे मला ठाऊक असल्यामुळे मी चष्मा पुसून त्या भिंतीला नाक लावूनच उभी राहिले.

ट्रॅपडोअर कोळ्याचे, म्हणजे झाकण असलेल्या बिळात राहणाऱ्या कोळ्याचे, दार शोधायचे म्हणजे दार शोधायचेच नसते, शोधायची ती एक रेघ. माती आणि रेशीम यांच्या थरांनी कोळीण झाकण बनवते, एका बाजूला रेशमाचीच बिजागरी ठेवते आणि वरच्या बाजूला आजूबाजूचे शेवाळ, पानांचे तुकडे चिकटवते, त्यामुळे दरड हिरवी झाली की झाकणही हिरवेच होते. शेवाळात नखाच्या आकाराची केसभर कमान दिसली आणि मी चिमट्याचे टोक तिच्यात सरकवले. झाकण जरासे उचलले गेले आणि लगेच आतून खाली ओढले गेले. झाकणाच्या आतल्या रेशमी अस्तरात सुळे आणि नख्या रोवून, बाकीचे पाय बिळाच्या भिंतींना टेकवून ती सगळा जोर लावत होती. इतक्या वर्षांच्या कामानंतरही ती ओढ बोटांना जाणवली की मी चिमटा सोडून देते.

दुपारपर्यंत आठ मीटर लांबीत सदतीस झाकणे मोजली. मोठी दीड-दोन सेंटिमीटर रुंद, आणि त्यांच्या आसपास मसुराच्या डाळीएवढी कित्येक. या मांडणीतच त्यांचे चरित्र होते. अनेक कोळ्यांची पिल्ले रेशमाच्या धाग्यावर वाऱ्याने दूर जातात, पण यांची बहुतेक पिल्ले पायी निघतात आणि आईच्या बिळापासून थोड्याच अंतरावर स्वतःचे बीळ खणतात. शरीर वाढेल तसे तेच बीळ रुंद करत जातात आणि झाकणाच्या कडेला नवी पट्टी जोडतात. त्यामुळे एका टेकडीवरची वस्ती दुसऱ्या टेकडीवरच्या वस्तीपासून दीर्घकाळ तुटलेली राहते आणि लहानशा प्रदेशापुरत्याच मर्यादित अशा जाती तयार होतात.

मोजणी चालू असताना ठेकेदाराकडचे अभियंते आले. त्यांनी वाकून दोन-तीन झाकणे आस्थेने पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, कोळीच ना? दुसरीकडे पुन्हा होतील की." मी त्यांना पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या 'क्रमांक १६' या मादीची हकिगत सांगितली. कोळ्यांच्या अभ्यासक बार्बरा यॉर्क मेन यांनी १९७४ मध्ये नॉर्थ बंगुल्ला राखीव क्षेत्रात बिळांशेजारी क्रमांकाच्या खुणा रोवून अभ्यास सुरू केला होता. गायस व्हिलोसस जातीची ही मादी त्याच एका बिळात ४३ वर्षे जगली आणि २०१६ मध्ये तिचे झाकण भोक पाडलेले व बीळ रिकामे सापडले. परजीवी गांधीलमाशीने तिला मारल्याचा निष्कर्ष संशोधकांनी काढला. ती ज्या इडिओपिडी कुळातली, त्याच कुळातल्या माद्या या दरडीत होत्या. साहेब बराच वेळ गप्प राहिले, मग त्यांनी दरडीची लांबी स्वतः पुन्हा मोजली.

कूळ ओळखता येत होते, जात मात्र नाही. त्यासाठी नर लागतो, आणि नर प्रौढ झाला की बीळ कायमचे सोडून पावसाळ्यात मादीच्या शोधात भटकतो व त्याच हंगामात बहुधा मरतो. म्हणून मी संध्याकाळी थांबले. साडेसातच्या सुमारास, पावसाची भुरभुर चालू असताना, लांब पायांचा एक काळा नर दरडीवरून उतरला. एका मोठ्या झाकणापाशी येऊन त्याने पुढच्या पायांनी थापा मारल्या, थांबला, पुन्हा मारल्या. झाकण उचलले गेले. मादीने सुळे उगारताच त्याने पहिल्या पायांवरचे काटेरी उंचवटे त्यांना अडकवून तिला वर रेटून धरले. त्या उंचवट्यांविषयी मी वर्षानुवर्षे शिकवत आले होते, पण त्यांचा उपयोग डोळ्यांसमोर प्रथमच पाहिला. टॉर्चवर लाल कागद लावून मी जवळजवळ श्वास रोखून बसले होते.

तो सुटून निघाल्यावर मी त्याला बाटलीत घेतले. या निर्णयाचे मला वाईट वाटते आणि तो योग्य होता असेही वाटते, कारण नराच्या नमुन्याशिवाय या दरडीला कागदावर नाव मिळाले नसते. भिंगाखाली दोन डोळे कपाळाच्या अगदी पुढच्या कडेला आणि सहा मागे, शिवाय तिसऱ्या पायाच्या नळीवर खाच नाही, म्हणजे याच कुळातल्या हेलिग्मोमेरस गटातला नव्हे, इडिओप्स गटातला. मादी एकही खणली नाही.

अहवालात मी रुंदीकरण दरीच्या बाजूने करावे असे लिहिले. पावसाळ्यानंतर गेले तेव्हा वळणाजवळचा भाग कापला गेला होता, पलीकडचे साधारण पाच मीटर उभे होते. शेवाळ वाळून तपकिरी झाले होते. एकवीस झाकणे सापडली. त्या संध्याकाळच्या झाकणाच्या कडेला मातीची ओली, नवी पट्टी होती. चिमटा लावताच आतून ते ओढले गेले.