चामखीळ काढण्याआधी डॉक्टरांनी वजन विचारलं

मंगळसूत्र घासून मानेवरच्या चामखिळी सोलवटायला लागल्या, रक्त यायला लागलं, तेव्हा काढून घ्यायचं ठरवलं. चाळिशीनंतर गालांवरही बारीक काळे उंचवटे आले होते. आमच्या खानापुरात कुणी घोड्याच्या केसानं बांधायला सांगतं, कुणी चुना लावायला. सासूबाईंनी चुना लावून घेतला होता, त्याचा पांढरा डाग अजून त्यांच्या मानेवर आहे. म्हणून सरळ बेळगाव गाठलं, टिळकवाडीतल्या त्वचारोगाच्या डॉक्टर बाईंकडे. धास्ती एकच होती, दुखण्याची.

बाईंनी भिंगातून सगळं बघितलं आणि विचारलं, "वजन किती तुमचं?" चामखिळीचा आणि वजनाचा काय संबंध, मला कळेना. त्यांनी समजावून सांगितलं. बधिर करणारं औषध सुईनं द्या नाहीतर वरून लावा, थोडंफार रक्तात जातंच, आणि किती सोसेल ते वजनावर ठरतं. इंजेक्शनच्या लिग्नोकेनची, म्हणजे या बधिर करणाऱ्या औषधाची, कमाल मर्यादा दर किलो वजनाला 4.5 मिलिग्रॅम, त्यात अॅड्रेनॅलिन, म्हणजे रक्तवाहिन्या आकसवणारं औषध, मिसळलेलं असेल तर 7. मला त्याच्या कितीतरी कमी लागणार होतं, तरी त्यांनी हिशोब कागदावर मांडला. तिथंच माझा जीव निम्मा भांड्यात पडला.

मग हृदयाचे ठोके, यकृत, चालू गोळ्या, सगळं विचारून झालं. पूर्वी दाढ काढताना इंजेक्शन दिल्यावर माझी छाती धडधडली होती, हात कापले होते. तेव्हापासून 'हिला भूल सोसत नाही' असं घरात सगळे धरून चालले होते. बाई म्हणाल्या, "अंगावर गांधी उठल्या होत्या? श्वास कोंडला होता?" तसलं काही झालं नव्हतं. "मग ती बहुतेक अॅलर्जी नव्हे. दाताच्या इंजेक्शनात अॅड्रेनॅलिन असतं, त्यानं धडधडतं. लिग्नोकेनची खरी अॅलर्जी फार क्वचित दिसते." इतकी वर्षं मनात बसलेली भीती अशी दोन वाक्यांत सुटली.

संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत होतं. मी मराठी शाळेत शिकवते. बाजारापुरतं कन्नड बोलते, पण असलं कन्नड मला वाचून कळत नाही. सिस्टरना विनंती केली, त्यांनी एकेक मुद्दा मराठीत सांगितला, मग सही केली. आपल्या भागातल्या बायकांनी एवढं जरूर करावं. बोट दाखवतील तिथं सही करू नये, आधी समजून घ्यावं.

बधिर करणारी क्रीम दवाखान्यातच लावली. लिडोकेन 2.5 टक्के आणि प्रिलोकेन 2.5 टक्के, लिडोकेन म्हणजे आपलं लिग्नोकेनच. चोळायची नाही, जाड थर द्यायचा, वर पारदर्शक चिकटपट्टी. मानेवर पट्टी लावून तासभर बसवून ठेवलं. तासाभरात औषध सुमारे 3 मिलिमीटर खोल जातं, दोन तासांत 5. घाईनं वीस मिनिटांत क्रीम पुसून काम सुरू केलं तर मानेसारख्या जागी दुखणारच, मग लोक म्हणतात क्रीमचा उपयोग नाही! चेहऱ्याची कातडी पातळ, तिथं लवकर मुरतं, म्हणून गालांवर कमी वेळ ठेवली. पापणीजवळ मात्र अजिबात लावली नाही. ही क्रीम डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा करते, आणि डोळा बधिर झाल्यानं ते कळतही नाही. तिथले उंचवटे नुसता बर्फ धरून काढले.

पट्टी काढल्यावर आरशात बघितलं तर तेवढा भाग पांढराफटक पडला होता. ते नेहमीचंच, सिस्टर म्हणाल्या. त्यांनी सुईचं टोक हळूच टेकवलं आणि विचारलं, "नोव ऐतेन्री, आक्का?" दुखत नव्हतं, पण टेकवलेलं कळत होतं. बधिर झालं तरी दाब आणि थोडी ऊब जाणवू शकते, हे आधी सांगितलेलं असल्यानं मी घाबरले नाही. चामखीळ जाळणाऱ्या यंत्राचं टोक लागलं की बारीक चर्र आवाज आणि केस जळल्यासारखा वास. जबड्याच्या कडेला एके ठिकाणी चटका बसला तसा हात वर केला. बाईंनी लगेच थांबून तिथं परत क्रीम लावली, वाट बघितली. सोसत बसायचं काही कारण नव्हतं.

मानेवरची देठाची मोठी चामखीळ क्रीमवर भागणारी नव्हती, तिला इंजेक्शन. आधी बर्फ, मग अगदी बारीक सुई, आणि औषध सावकाश. हे औषध आम्लधर्मी असतं म्हणून आत जाताना जळजळतं. बाईंनी त्यात थोडं सोडिअम बायकार्बोनेट मिसळलं होतं. जळजळलं, पण दहा आकडे मोजेपर्यंतच.

हे सगळं लिहायला बसले ते माझ्या भाचीमुळे. तिचं लग्न ठरलंय, पायांवरचे केस लेसरनं काढायचे आहेत. एका पार्लरनं तिला सांगितलं, घरूनच दोन्ही पायांना सुन्न करणारी क्रीम लावा, वर प्लास्टिक गुंडाळा आणि या. ऐकून माझ्या पोटात गोळा आला. अमेरिकेत अगदी असंच करून 22 आणि 25 वर्षांच्या दोन मुली दगावल्या. तिथल्या औषध प्रशासनानं 2007 मध्ये त्याबद्दल जाहीर इशारा दिला होता. क्रीम जास्त तीव्रतेची, पाय एवढे मोठे, वर प्लास्टिक, त्यामुळं औषध भराभर रक्तात गेलं. कानात गुंजणं, ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, चक्कर ही सुरुवातीची लक्षणं. पुढं झटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात. प्रिलोकेनचं जास्त झालं तर ओठ निळसर पडतात. यातलं काहीही दिसलं तर क्रीम पुसून तडक मोठ्या दवाखान्यात न्यायचं.

भाचीला मी याच बाईंकडे घेऊन गेले. त्यांनी पायांना क्रीम लावलीच नाही. लेसरबरोबर थंड हवा सोडणारं यंत्र वापरलं, आधी छोट्या जागेवर करून दाखवलं. "मावशी, रबर बँड बसल्यासारखं वाटतंय, चालेल मला," ती म्हणाली. पुढची फेरी दिवाळीनंतर आहे.