आमची वाटचाल : फिक्स्चर, पेटंट आणि दादांची चलानबुकं

२००९ साली दोन लेथवर मी आणि दादांनी जॉबवर्क सुरू केलं. पातळ भिंतीचे पितळी बुश लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, आवळले की दबतात, म्हणून २०१३मध्ये आम्ही स्वतःच एक फिक्स्चर, म्हणजे काम न दबता धरून ठेवणारं साधन, बनवलं. गिऱ्हाइकंही ते मागू लागली आणि धंदा त्यावरच उभा राहिला.

२०१९मध्ये एका मोठ्या कंपनीची नोटीस आली : हा आमच्या पेटंटचा भंग आहे, उत्पादन थांबवा. पाठोपाठ जिल्हा न्यायालयात दावा.

वकीलबाईंनी पेटंटमधली चित्रं बाजूला सारून त्याच्या शेवटी दिलेले क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क सांगितलाय ते मुद्दे, वाचायला लावले. भंग झाला की नाही ते क्लेमच्या शब्दांवर ठरतं. पहिल्या क्लेममध्ये पाच भाग होते. एखादा आमच्याकडे नसता तर सुटायला वाव होता. पाचही होते. मग पेटंटच टिकत नाही हे दाखवणं एवढंच हाती उरलं. पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा केला आणि पेटंट कायद्याच्या कलम १०४प्रमाणे सगळं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं.

सरकारनं तपासून दिलेलं पेटंट म्हणजे पक्कं, असं मी धरून चाललो होतो. पण तपासणी झाली म्हणून वैधतेची हमी नाही, हे कलम १३(४)मध्येच लिहिलंय. सर्वोच्च न्यायालयानं १९७८मध्ये बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम प्रकरणात तेच सांगितलं. तो वादही लेथवर भांडी पकडण्याच्या साधनाचाच होता! ते साधन म्हणजे नवा शोध नव्हे, नुसती वर्कशॉपमधली सुधारणा ठरली. तो निकाल मी तीनदा वाचला.

आमच्याकडे पुरावा काय? पेटंटचा अर्ज २०१६चा; त्याआधीच आम्ही हे फिक्स्चर विकत होतो, हे दाखवायचं होतं. आधीची चलानं होती, पण त्यांवर मालाचं वर्णन ‘फिक्स्चर, ४ नग’ एवढंच. कुठलं फिक्स्चर, हे कसं सांगणार? दादांची सवय इथे कामी आली. प्रत्येक चलानावर ते ड्रॉइंग नंबर टाकायचे आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तारीख, सही. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मशीनवर २०१४चं फिक्स्चर अजून चालू होतं. त्यांनी आपणहून प्रतिज्ञापत्र दिलं.

कंपनीनं निकालापर्यंत उत्पादन थांबवण्याचा तात्पुरता मनाई हुकूम मागितला होता. त्या टप्प्यावर पेटंट रद्दच करून दाखवावं लागत नाही, त्याच्या वैधतेबद्दल दमदार शंका उभी करावी लागते. ती उभी राहिली आणि हुकूम नाकारला गेला. मिळाला असता तर निकालापर्यंत आमचा कारखाना टिकला नसता.

मूळ दाव्यात साक्षीपुरावा सुरू आहे. पुढच्या तारखेला माझी उलटतपासणी. दादांनी चलानबुकं वर्षांप्रमाणे लावून कापडात बांधून ठेवली आहेत.