टेस्टमधला स्लीप काढा

आज दिवसभर कधी पास, कधी फेल होणाऱ्या सॉफ्टवेअर टेस्टच समोर होत्या. जवळपास सगळ्यांचं दुखणं एकच: इव्हेंट (काहीतरी घडल्याची प्रोग्रॅममधली सूचना) पाठवायचा, ५०० मिलिसेकंद थांबायचं (हाच तो स्लीप), मग तपासायचं. लॅपटॉपवर तेवढं पुरतं, सीआयच्या (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरच्या) मशीनवर लोड आला की पुरत नाही. मग कुणीतरी ते २००० करतं आणि टेस्टचा सगळा संच रखडतो.

त्यापेक्षा थेट इव्हेंटचीच वाट पाहा. नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) 'वन्स'चं प्रॉमिस, म्हणजे इव्हेंट आला की पुरं होणारं वचन, आधी हातात घ्या, मग काम सुरू करा, शेवटी अवेट, म्हणजे ते पुरं होईपर्यंत थांबणं. हा क्रम फार महत्त्वाचा. एमिट (इव्हेंट पाठवणारं फंक्शन) लिसनरना, म्हणजे तो ऐकणाऱ्या फंक्शनना, तिथल्या तिथे बोलावतं. उशिरा जोडलेल्या लिसनरला काहीच मिळत नाही आणि जेस्ट (टेस्ट चालवणारं साधन) आपल्या डीफॉल्ट सेटिंगप्रमाणे ५ सेकंदांनी टाइमआउट देतं. एक्स्पेक्ट (तपासणीची ओळ) प्रॉमिसच्या 'देन'मध्ये असेल आणि अवेटच राहिलं तर त्याहून वाईट, एक्स्पेक्ट चालण्याआधीच टेस्ट हिरवी होऊन मोकळी!

खरं अवघड काम म्हणजे 'इव्हेंट आलाच नाही' हे दाखवणं. कन्झ्युमर (मेसेज घेऊन हाताळणारा भाग) एकच असेल आणि मेसेज क्रमानेच हाताळत असेल, तर ज्या मेसेजने इव्हेंट यायला नको, त्याच्या मागोमाग खुणेचा दुसरा मेसेज सोडा. त्याचा इव्हेंट आला की पहिल्याचं काम उरकलेलं असतं. तेव्हाच आलेल्या इव्हेंटची यादी तपासा. तिथे फक्त खुणेचा इव्हेंट दिसायला हवा.