वर्डमधला फोटो जागेवर का राहत नाही

प्रोजेक्टच्या ब्लॅक बुकचे, म्हणजे बांधून द्यायच्या अहवालाचे, दिवस आले की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या प्रिंट-बाइंडिंगच्या दुकानांत एक तक्रार हमखास ऐकू येते: "घरी तर फोटो बरोबर होते!" फाइल दुकानातल्या संगणकावर उघडते आणि आठव्या पानावरची आकृती नवव्यावर, तिच्याखालचं नाव मात्र आठव्यावरच. यातला बहुतेक घोळ फोटो टाकतानाच टाळता येतो.

इन्सर्ट, पिक्चर्स, धिस डिव्हाइस असं जाऊन फोटो घेतला की तो सहसा 'इन लाइन विथ टेक्स्ट' बसतो. वर्डच्या लेखी तो ओळीतलं एक मोठ्ठं अक्षर असतो. वर दोन ओळी वाढल्या की खाली सरकतो, कमी झाल्या की वर येतो. मधोमध हवा तर कंट्रोल-ई दाबायचं, अक्षरासारखंच. अहवाल, प्रबंध, ब्लॅक बुक यांत फोटो असाच ठेवावा, हे माझं ठाम मत आहे.

अडचण सुरू होते ती फोटो माउसने ओढायचा मोह झाला की. मग 'स्क्वेअर' किंवा 'इन फ्रंट ऑफ टेक्स्ट' निवडलं जातं आणि फोटो तरंगायला लागतो. तरी तो कुठल्या ना कुठल्या परिच्छेदाला बांधलेला असतोच. फोटोवर क्लिक केलं की समासात दिसणारा छोटा नांगर म्हणजे ती गाठ. तो परिच्छेद पुढच्या पानावर गेला की फोटोही जातो, आणि तो पूर्ण पुसला की फोटोही पुसला जातो. 'बिहाइंड टेक्स्ट' गेलेला फोटो क्लिकला दाद देत नसेल तर ऑल्ट-एफ१० दाबा. बाजूला येणाऱ्या यादीतून तो निवडता येतो.

ओळीतल्या फोटोचंही एक दुखणं आहे. फोटो टाकला आणि त्याची फक्त खालची पट्टी दिसली, तर त्या परिच्छेदाचं लाइन स्पेसिंग 'एक्झॅक्टली' आहे असं समजा. देवनागरी आणि इंग्रजी फॉन्ट एकत्र आले की ओळी कमी-जास्त उंच होतात, म्हणून अनेक जण सगळीकडे 'एक्झॅक्टली १८ पॉइंट' लावतात. मग फोटोलाही तेवढीच उंची मिळते. फोटोच्या ओळीपुरतं 'सिंगल' करा, पूर्ण फोटो दिसेल.

आता आकार. ए४ कागद २१ सेंमी रुंद. बाइंडिंगसाठी डावीकडे ३.५ आणि उजवीकडे २.५ सेंमी सोडलं की १५ उरतात. ३०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके धरून, १५ सेंमी छापायला साधारण १८०० पिक्सेल रुंदीचा फोटो लागतो. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो, म्हणून तो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. वर्डही फाइल सेव्ह करताना फोटो दाबू शकतं. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्डमध्ये 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल'वर खूण करा, आणि ती फोटो टाकण्याआधी करा. एकदा गेलेले पिक्सेल परत येत नाहीत. आकार बदलताना कोपराच ओढा. बाजूचा ठिपका ओढला की माणसं जाडी किंवा उंच होतात.

गणेश मंडळाच्या स्मरणिकेत कार्यकर्त्यांचे फोटो ओळीने लावायचे तर एकेक ओढत बसू नका, टेबल करा. टेबल प्रॉपर्टीजच्या ऑप्शन्समध्ये 'ऑटोमॅटिकली रिसाइझ टू फिट कंटेंट्स' आधी बंद करा, नाहीतर पहिलाच मोठा फोटो स्वतःचा रकाना फुगवून शेजारचे चेपतो. प्रत्येक फोटो क्रॉप, अस्पेक्ट रेशो, ३:४ असा कापून रुंदी ३ सेंमी द्या. उंची आपोआप ४ होते. नाव त्याच चौकटीत फोटोखाली लिहा आणि 'अलाऊ रो टू ब्रेक अक्रॉस पेजेस'ची खूण काढा, म्हणजे चेहरा एका पानावर आणि नाव दुसऱ्यावर, असं होत नाही. शेवटी टेबलाच्या रेषा घालवा.

आकृतीचे क्रमांक हाताने टाइप करू नका. रेफरन्सेस, इन्सर्ट कॅप्शनमध्ये 'न्यू लेबल' म्हणून 'आकृती' लिहा. फोटोच्या परिच्छेदाला 'कीप विथ नेक्स्ट' लावलं की नाव त्याला सोडत नाही. मध्येच एखादी आकृती वाढली तर कंट्रोल-ए, मग एफ९, की मजकुरातले संदर्भ आणि आकृत्यांची यादीही सुधारते. तरंगत्या फोटोचं नाव वर्ड वेगळ्या टेक्स्ट बॉक्समध्ये टाकतं, तिथे हे एफ९ पोचत नाही. ओळीतला फोटो बरा म्हणण्याचं हे आणखी एक कारण.

मूळ फोटो हरवले आणि फक्त वर्ड फाइल उरली? तिची प्रत काढा, नावाच्या शेवटचं 'डॉक्स' बदलून 'झिप' करा आणि उघडा. आत 'वर्ड' फोल्डरमध्ये 'मीडिया' नावाचं फोल्डर असतं, त्यात टाकलेले फोटो सापडतात.

दुकानात वर्ड फाइल नेऊ नका. तुमचा देवनागरी फॉन्ट तिथे नसला की दुसरा लागतो, ओळींची लांबी बदलते आणि पानं सरकतात. सेव्ह ॲजमधून पीडीएफ करा. 'मिनिमम साइज' नको, 'स्टँडर्ड' ठेवा. छापताना 'फिट' ऐवजी 'ॲक्च्युअल साइज' सांगा. पहिलं पान हातात आलं की फोटोवर पट्टी ठेवा. १५ सेंमीचा फोटो साडेचौदा भरला, तर 'फिट' अजून चालूच आहे; पुढची पानं तिथेच थांबवा.