टीचर, तुला येत नाही का?

बालवर्गात शिकवायला लागलं की काही दिवसांतच लक्षात येतं, आपल्याइतके विचित्र प्रश्न जगात दुसरं कुणी विचारत नाही. वाट चुकलेला माणूस वाट विचारतो, कारण ती त्याला ठाऊक नसते. मी लाल ठोकळा हातात धरून विचारते, "हा रंग कोणता?" मला तो ठाऊक असतो, मुलांनाही असतो. मला ठाऊक आहे हेसुद्धा त्यांना ठाऊक असतं. तरी बिचारी एका सुरात "लाऽऽल" म्हणतात. मोठ्या माणसांचं मन राखावं लागतं, एवढं त्यांना चौथ्या वर्षीच कळलेलं असतं.

एका मुलीला मात्र हे पटत नव्हतं. ती जवळ आली, माझा चेहरा तिने नीट न्याहाळला आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, "टीचर, तुला रंग येत नाहीत का?" मग रोज मला एकटीला गाठून ती रंग शिकवू लागली. "हा निळा. म्हण." मी म्हणायचे. बरोबर आलं की पाठीवर थाप मिळायची. ती माझ्यापेक्षा चांगली शिक्षिका होती, कारण समोरच्याला खरंच येत नाही अशी तिची मनापासून खात्री होती.

आणि आकडे? एका मुलाला विचारलं, "हे मणी किती?" त्याने मोजून सांगितलं, "सात." मी सवयीने म्हटलं, "नक्की?" तो म्हणाला, "सहा." "नक्की?" "आठ?" मणी तेवढेच होते, पण आता तो माझ्या भुवया मोजत होता. एकदा उत्तर दिलंय, तरी बाई पुन्हा विचारतायत, म्हणजे चुकलंच असणार. त्याचा हिशेब बिनतोड होता.

ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचा प्रसिद्ध प्रयोग इथे आठवतो. सारख्याच वस्तूंच्या दोन रांगा मुलासमोर मांडायच्या. दोन्हींत सारख्याच ना, असं विचारायचं. मग एक रांग त्याच्या डोळ्यांदेखत ताणून लांब करायची आणि पुन्हा तेच विचारायचं. चार-पाच वर्षांची बहुतेक मुलं लांब रांगेत जास्त आहेत म्हणतात. पियाजेंनी त्यावरून काढलेला निष्कर्ष असा, की मांडणी बदलली तरी संख्या बदलत नाही, ही समज या वयात आलेली नसते. पुढे 1970च्या दशकात जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी प्रयोगात थोडा बदल केला. रांग प्रयोग करणाऱ्याने हलवायचीच नाही. खोक्यातून एक खोडकर टेडी बाहेर येतो आणि तो ती विस्कटून टाकतो. आता कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. मोठ्या माणसाने मुद्दाम काही केलं की त्यामागे काहीतरी हेतू असणार, असं मुलांना वाटत असावं. टेडीचा कसला आलाय हेतू!

माझ्या वर्गात कापडी माकड आहे. त्याने बटणांची रांग विस्कटली तेव्हा "तेवढीच आहेत, यानं नुसती ओढली" असा निकाल लगेच लागला. गणित तिथेच संपलं आणि खटला सुरू झाला. माकडाला कोपऱ्यात उभं करा, नाही, त्याला घरी पाठवा, नाही, त्याला सॉरी म्हणायला लावा. माकडाच्या वतीने मलाच सॉरी म्हणावं लागलं, आणि तेही "मोठ्यानं म्हण" असं दोनदा ऐकून घेऊन.

मुलांचे स्वतःचे प्रश्न मात्र अस्सल असतात. गोष्टीच्या तासाला राजा आला की हमखास कुणीतरी विचारतं, त्याला राजा कुणी केलं? त्याच्या बाबांनी. मग बाबांना? त्यांच्या बाबांनी. "पण सगळ्यात पहिल्यांदा कुणी केलं? आणि सगळे हो का म्हणाले?" बालवर्गाची कल्पना ज्यांची, त्या फ्रीड्रिख फ्रॉबेल यांनी 1837 साली जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्गमध्ये लोकरीचे चेंडू, लाकडी गोळे आणि ठोकळे घेऊन कामाला सुरुवात केली. 1851मध्ये प्रशियाच्या सरकारने बालवर्गांवर बंदी घातली. ती 1860पर्यंत टिकली आणि फ्रॉबेल तर 1852मध्येच वारले. कारण दिलं होतं नास्तिकतेचं, आणि त्यात फ्रॉबेल यांच्या पुतण्याच्या लिखाणाचाही घोळ होता. लोकरीच्या चेंडूंना घाबरणारं सरकार म्हणून मला आधी हसू यायचं. आता वाटतं, त्यांच्यापैकी कुणीतरी गोष्टीचा एक तास पूर्ण बसून ऐकला असणार.

माझ्याबद्दलचे प्रश्न वेगळेच. टीचर शाळेतच राहते, रात्री बहुधा कपाटाशेजारी झोपते, हे वर्गात सर्वमान्य आहे. शाळेबाहेर भेटले तर मुलं आईच्या मागे लपून माझ्या पायांकडे बघत राहतात. मला पाय आहेत याचं नाही, ते इथवर आलेच कसे याचं आश्चर्य. एकाने माझी फार काळजी केली होती: "आम्ही गेलो की तुला घ्यायला कोण येतं? तुझी आई विसरली का?"

आई हा या वर्गातला सर्वांत मोठा विषय, विशेषतः पहिल्या आठवड्यांत. तेव्हा कोरस असतो. एक रडायचं थांबतं, त्याला बघून दुसऱ्याला आठवण येते. त्या दिवसांत एक मुलगा दारातून आत आला, दप्तरही काढलं नाही, आणि रडता रडता शाळा सुटतानाचं गाणं म्हणू लागला. क्षणभर मला काही कळेना. मग उमगलं. रोज हे गाणं झालं की आई दारात दिसते. म्हणजे आई गाण्याने येते. मग शेवटपर्यंत थांबायचं कशाला? बाकीच्यांनाही हा तर्क लगेच पटला. सगळ्यांनी हुंदके देत ते गाणं अगदी कडव्यांसकट पूर्ण केलं, वॉटर बॅगा गळ्यात अडकवल्या आणि रांग करून दाराशी उभे राहिले. इतकी सरळ रांग मला नंतर वर्षभर पाहायला मिळाली नाही.

आई आली नाही.

"गाणं तर झालं," तो माझ्याकडे बघून म्हणाला. मी खाली बसले आणि भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. मोठा काटा बघ, तो फिरून फिरून तिकडे पोचला की आई येणार. त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"मग तू सरकव ना. तुझा हात पोचतो."