आधी ‘साभार पोच’ मोजा

पुस्तक-परीक्षणांत बायकांची पुस्तकं इतकी कमी का, असं विचारलं की मराठवाड्यातल्या नियतकालिकांच्या संपादकांकडून बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: बायका कविता लिहितात आणि कवितेला जागा कमी असते. उत्तर खोटं नाही, अर्धं आहे. उरलेलं अर्धं वही घेऊन बसलं की सापडतं.

नियतकालिकाचे वर्षभराचे अंक घ्या आणि आधी ‘साभार पोच’ची, म्हणजे संपादकाकडे आलेल्या पुस्तकांची छापलेली यादी उतरवा. आलेली पुस्तकं किती हे ठाऊक नसेल तर छापलेल्या परीक्षणांच्या आकड्याला अर्थ नाही. मग रकाने पाडा: पुस्तक, लेखक स्त्री की पुरुष, साहित्यप्रकार, परीक्षक स्त्री की पुरुष, शब्दसंख्या, आणि परीक्षण मागवलेलं की आपणहून आलेलं. शेवटचा रकाना संपादकाला विचारूनच भरता येतो, आणि खरी गोम तिथंच आहे. लातूर-नांदेड-परभणीकडे बरीच परीक्षणं मागवलेली नसतात. लेखक ओळखीच्या प्राध्यापकाला प्रत देतो, परीक्षण लिहून घेतो, पाठवून देतो. ज्याची ऊठबस स्टाफरूमपर्यंत, त्याचं पुस्तक पुढं सरकतं.

आता साहित्यप्रकाराचा हिशेब. समजा, पोचेत ६० पुस्तकं आहेत. ३० कवितासंग्रह, त्यांत २० बायकांचे. ३० वैचारिक आणि समीक्षेची, त्यांत ६ बायकांची. एकूण २६, म्हणजे साधारण ४३ टक्के. परीक्षणं छापली २१: कवितेची ६, वैचारिक पुस्तकांची १५. बायकांची कवितेत ४, वैचारिकात ३. दोन्हीकडे प्रमाण तंतोतंत पोचेइतकंच, तरी बेरीज ७, म्हणजे ३३ टक्के! संपादकाचं म्हणणं इथपर्यंत बरोबर ठरतं. पण कवितेला ६ आणि वैचारिकाला १५, ही वाटणीही कुणीतरी केलेलीच असते ना?

परीक्षकांचा रकाना वेगळा वाचा. कविता आणि आत्मकथनं बाईकडे, इतिहास, शेती, राजकारण पुरुषाकडे अशी विभागणी दिसली, तर कवितेची जागा घटल्यावर लेखिकेबरोबर परीक्षिकाही कमी होते.

घोळ नावांत होतो. किरण, शशी, सुमन, नुसती आद्याक्षरं: खात्री नसेल तर ‘अनिश्चित’ लिहा, अंदाज नको. अनुवादात मूळ लेखक धरायचा की अनुवादक, हे आधी ठरवून शेवटपर्यंत पाळा. दीडशे शब्दांचा परिचय आणि दीड हजार शब्दांची समीक्षा एकाच मापात टाकू नका.

साहित्य अकादमीचा मराठी पुरस्कार २०१९ला अनुराधा पाटील यांच्या कवितेला मिळाला, २०२४ला सुधीर रसाळ यांच्या समीक्षाग्रंथाला. दोघंही छत्रपती संभाजीनगरचे. या दोन नावांवरून ‘बाई कवितेत, पुरुष समीक्षेत’ असा सिद्धांत मांडायचा मोह आवरा. २१ परीक्षणांतही एक पुस्तक इकडचं तिकडं झालं की जवळपास पाच टक्के हलतात, म्हणून निदान तीन वर्षांचे अंक जमवा. ग्रंथालयात बांधीव खंडांऐवजी सुटे अंक मागा. पोच मलपृष्ठाच्या आत छापलेली असेल तर बांधणीत ते पानच गळालेलं असू शकतं.