तुम्ही विचारलेत म्हणून: नव्या कॉम्प्युटरमध्ये काय काय घालून घ्यावे?

"नवा कॉम्प्युटर घेतला आहे, आता त्यात काय काय घालून घेऊ?" हा प्रश्न मला बेळगावात आणि खानापूर-निपाणीकडे गेलो की तिथेही इतक्यांदा विचारला जातो, की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून ठेवणे बरे. विचारणाऱ्यांत उद्यमबागेतल्या कारखान्याचे हिशेब पाहणारे असतात, मराठी शाळेतल्या बाई असतात, मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला म्हणून लॅपटॉप घेतलेले वडील असतात आणि गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचा अहवाल स्वतः टाइप करणारे चिटणीसही असतात. मी एक यादी सांगावी आणि ती त्यांनी तशीच दुकानदाराच्या हातात द्यावी, अशी प्रत्येकाची अपेक्षा असते. मी मात्र आधी त्यांनाच विचारतो, की तुमच्याकडे कोणाच्या फायली येतात आणि तुमच्या फायली कोणाकडे जातात? आपल्या भागात एकाच टेबलावर मराठी निमंत्रणपत्रिका, शेताचा कन्नड उतारा आणि इंग्रजी बिल असे तिन्ही कागद असतात. ते तिन्ही ज्यावर बिनतक्रार उघडत नाहीत, तो कॉम्प्युटर कितीही महागाचा असला तरी निम्म्याच कामाचा.

म्हणून पहिला विचार लिपीचा करावा. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींतल्या अक्षरांना क्रमांक देणारी एकच जागतिक पद्धत, सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठीचे काम श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा पॅकेजांवर आणि त्यांच्या स्वतंत्र फॉन्टवर चालत असे. कन्नडसाठी सरकारी कचेऱ्यांतून कन्नड गणक परिषदेचे नुडी असे आणि खासगी वापरात बरह लोकप्रिय होते. या जुन्या पद्धतीत आपल्याला 'क' दिसत असला तरी फायलीत साठवलेले असते ते एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह, आणि फॉन्ट त्याला वरून मराठी वा कन्नड रूप देत असतो. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली, की पानभर निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात आणि लोक समजतात की फाइल बिघडली. ती बिघडलेली नसते, तिचा फॉन्ट हजर नसतो एवढेच. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि तिच्यात देवनागरीच्या व कन्नडच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा स्वतंत्र क्रमांक मिळाला. माझे सांगणे असे, की नव्या कॉम्प्युटरवरचे सगळे नवे लिखाण पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच करावे आणि जुने फॉन्ट फक्त जुन्या फायली वाचण्यापुरते ठेवावेत. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने मिळतात. पण ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांच्या जागी ती हमखास घोटाळा करतात, म्हणून बदललेला मजकूर डोळ्यांखालून घातल्याशिवाय पुढे पाठवू नये.

यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषा या विभागात जाऊन मराठी आणि कन्नड दोन्ही जोडून घ्याव्यात. मग विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले, की एका कीबोर्डवरून दुसऱ्यावर जाता येते. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारा फोनेटिक कीबोर्ड विंडोज १० मध्ये २०१९ च्या मे महिन्यातील अपडेटपासून अंगभूत आला आणि कन्नडसाठीही तो त्याच वेळी आला. मोबाईलवर 'namaskar' लिहून नमस्कार मिळवण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना तो लगेच जमतो.

तरीही जो रोज दोन-चार पाने टाइप करणार आहे आणि ज्याला दोन्ही भाषा लिहायच्या आहेत, त्याला मी इनस्क्रिप्टच शिकायला सांगतो आणि या बाबतीत जरा हट्टही धरतो. हा कीबोर्ड १९८६ साली भारतीय लिपींसाठी प्रमाण म्हणून ठरला. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात, आणि मुख्य म्हणजे एका उच्चाराची कळ सगळ्या लिपींत सारखीच असते. 'कर्नाटक' हा शब्द मराठीत लिहा की कन्नडमध्ये, बोटे त्याच सात कळा त्याच क्रमाने दाबतात. फक्त पडद्यावरची लिपी बदलते. कन्नडमध्ये ए आणि ओ यांचे ऱ्हस्व उच्चार वेगळे असल्यामुळे त्यांच्या कळा तेवढ्या निराळ्या लक्षात ठेवाव्या लागतात. 'बेळगावी' कन्नडमध्ये लिहिताना पहिल्याच अक्षरावर त्याचा अनुभव येतो. पहिल्या आठवड्यात इनस्क्रिप्ट नकोसा वाटतो हे खरे, पण कन्नड बोलता येत असूनही लिहायला कचरणाऱ्या आपल्या मराठी मुलांना अर्धा रस्ता त्यात आयताच मिळतो.

फॉन्ट निवडताना एक छोटी परीक्षा घ्यावी. 'दुसऱ्याच्या गोऱ्ह्याला' एवढे टाइप करून पाहावे. अर्धा र आडव्या कोयरीसारखा नीट उमटला तर फॉन्ट मराठीच्या कामाचा आहे, नाहीतर तो केवळ हिंदीकडे पाहून केलेला आहे असे समजावे. इनस्क्रिप्टमध्ये हा र शिफ्टसह र ची कळ आणि मग पाय मोडण्याची कळ दाबून मिळतो. विंडोजमध्ये र. कृ. जोशी यांनी आखलेला मंगल हा फॉन्ट अनेक वर्षे येत असे, आता निर्मला असतो. छपाईच्या कामाला 'मुक्त' किंवा 'बालू' या नावांचे मोफत फॉन्ट मला अधिक देखणे वाटतात. छापखान्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. काही ठिकाणी अजून पेजमेकर या पाने मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर काम चालते, ज्याची शेवटची आवृत्ती २००१ साली निघाली आणि ज्यात युनिकोड मराठी टाकून उपयोग होत नाही. तुमच्या पत्रिका आणि अहवाल अशा ठिकाणी छापले जात असतील तर त्यांच्यासाठी आपल्या मशीनवर जुने पॅकेज बसवत बसू नये. फॉन्ट आत घातलेली पीडीएफ त्यांना द्यावी.

आता ऑफिसचे काम. बहुतेकांना पत्रे, अहवाल, वर्गाच्या याद्या आणि साधे तक्ते एवढेच करायचे असते आणि त्याला लिब्रेऑफिस पुरेसे आहे. ते मोफत आहे, २०१० पासून स्वतंत्रपणे विकसित होत आहे आणि त्याचे मेनूही मराठीत करून घेता येतात. त्यात मराठी लिहिणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी: फॉन्टच्या खिडकीत भारतीय लिपींसाठी वेगळा रकाना असतो, आणि आकार केवळ इंग्रजीच्या रकान्यात बदलला तर मराठी मजकूर जागचा हलत नाही. यावरून सॉफ्टवेअरच खराब ठरवलेले लोक मी पाहिले आहेत. उलट, ज्यांच्याकडे मुख्य कार्यालयातून गुंतागुंतीच्या, मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेल्या एक्सेल फायली येतात आणि भरून परत पाठवायच्या असतात, त्यांनी मायक्रोसॉफ्ट ऑफिसच घ्यावे, आणि ते परवान्यासह घ्यावे. दुकानात "सगळे टाकून देतो, वेगळे पैसे नकोत" असे सांगितले जाते, तेव्हा ते चोरीचे असते. ते परवान्याशिवाय चालू करणारे छोटे प्रोग्राम आधी विंडोजचे संरक्षण बंद करायला लावतात, आणि त्याच मशीनवरून आपण पुढे बँकेचे व्यवहार करणार असतो.

जीएसटीचे हिशेब ज्यांना ठेवायचे आहेत, त्यांच्याबाबत निवड अशी फारशी उरत नाही. तुमचे सीए जे वापरतात ते घ्या, आणि आपल्याकडे ते बहुधा बेंगळुरूच्या कंपनीचे टॅलीच असते. परवाना न घेता चालणाऱ्या शैक्षणिक आवृत्तीत महिन्याच्या ठरावीक तारखांच्याच नोंदी करता येतात. शिकायला ती ठीक आहे, दुकानाला उपयोगाची नाही. इंजिनिअरिंगच्या मुलांना ऑटोकॅड विद्यार्थी म्हणून मोफत मिळते आणि दरवर्षी नूतनीकरण करून घेता येते, त्यामुळे ते कोणाकडून पेन ड्राइव्हवर आणण्याचे कारण नाही. व्हिडिओसाठी व्हीएलसी आणि दाबून लहान केलेल्या (झिप) फायली उघडण्यासाठी सेव्हन-झिप घ्यावे. साधी पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडते; पण आधार किंवा उत्पन्नाच्या दाखल्यावरील डिजिटल सही तपासायची असेल तर ॲडोबीचा मोफत रीडर लागतो, आणि त्यातही सहीवरच्या प्रश्नचिन्हाच्या जागी हिरवी खूण येण्यासाठी ती सही एकदा विश्वासार्ह म्हणून नोंदवावी लागते. अँटिव्हायरस विंडोजबरोबर येतो तेवढा पुरे. कंपनीने आधीच घालून दिलेला, महिनाभराने पैसे मागणारा असेल तर तो काढून टाकावा.

नवा म्हणून कोणी जुनाच कॉम्प्युटर घेऊन दिला असेल, तर त्यात विंडोज १० आहे का ते आधी पाहावे, कारण त्याचा नियमित आधार (मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि ऑफिस २०१६ व २०१९ यांचाही त्याच दिवशी. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते, जी बऱ्याच जुन्या मशीनमध्ये नसते. अशा मशीनवर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली बसवून देतो. त्यात मराठी आणि कन्नड इनस्क्रिप्ट दोन्ही मिळतात. टॅलीसाठी मात्र विंडोजच हवे.

नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला, तर अनेक लॅपटॉपांवर डिस्क आपोआप कुलूपबंद (एन्क्रिप्ट) होते, आणि अडचणीच्या वेळी ती उघडण्याची ४८ आकड्यांची किल्ली त्याच खात्यात साठवली जाते. बऱ्याच घरांत हे खाते दुकानातल्या मुलाने स्वतःच्या मोबाईल नंबरावर उघडून दिलेले असते. ते आपल्या नंबरावर करून घ्यावे, ती किल्ली कागदावर छापून घ्यावी आणि मगच पहिली फाइल त्यात साठवावी.